पिंदोसच्या डोंगरांपासून क्रुशेवोपर्यंत : अरोमानियन गावांतला प्रवास

बाल्कन प्रदेशाच्या नकाशावर अरोमानियन लोकांचा स्वतंत्र देश नाही. ग्रीस, अल्बानिया, उत्तर मॅसिडोनिया, बल्गेरिया, सर्बिया आणि रुमानियाचा दोब्रुजा भाग अशा अनेक राज्यांत हा समाज विखुरलेला आहे. शेजारी त्यांना ‘व्लाख’ म्हणतात, सर्बियात ‘त्सिंत्सार’ हे नाव चालते आणि ते स्वतःला ‘अरमन’ म्हणवतात. त्यांची भाषा लॅटिनपासून निघालेली, रुमानियनची जवळची बहीण आहे. चारी बाजूंना ग्रीक, अल्बानियन आणि स्लाव्ह भाषा बोलल्या जात असताना ती डोंगरांतल्या वस्त्यांमध्ये, मेंढपाळांच्या तळांवर आणि खेचरांच्या तांड्यांबरोबर शतकानुशतके टिकून राहिली. आज युनेस्को तिची गणना निश्चितपणे धोक्यात असलेल्या भाषांमध्ये करते. या लोकांविषयी बरेच वाचल्यावर त्यांची गावे प्रत्यक्ष पाहावीत असे मनाने घेतले, आणि पंधरा ऑगस्टचा सण साधता येईल अशा बेताने मी थेस्सलोनिकीला उतरले. ग्रीसमधल्या प्रवासात तिथे शिकणारा एक विद्यार्थी दुभाषा म्हणून सोबत होता.

१२ ऑगस्ट, मेत्सोवो

थेस्सलोनिकीहून पश्चिमेला जाणारा एग्नातिया महामार्ग पिंदोस पर्वत बोगद्यांमागून बोगदे पार करत ओलांडतो. हा रस्ता होण्यापूर्वी सगळी वाहतूक १,७०५ मीटर उंचीच्या कातारा खिंडीतून होत असे आणि हिवाळ्यात बर्फ पडला की ती खोळंबे. या खिंडीच्या वाटेवर बसलेले गाव म्हणजे मेत्सोवो. अरोमानियन भाषेत त्याला ‘अमिंचू’ म्हणतात. एपिरस आणि थेसली या ग्रीक प्रांतांना जोडणारी वाट राखण्याच्या बदल्यात १६५९ मध्ये उस्मानी सुलतानाने गावाला करांत आणि कारभारात मोठ्या सवलती दिल्या. त्यांच्या आधाराने इथले लोक मेंढपाळीबरोबर मालवाहतुकीत आणि पुढे दूरदेशीच्या व्यापारात शिरले. मेत्सोवोच्या भरभराटीचे मूळ मला या खिंडीत दिसते.

गाव उतारावर आहे, घरे दगडी आणि छपरे उतरती. संध्याकाळी चौकातल्या मोठ्या झाडांखाली म्हातारी मंडळी आकडा असलेल्या काठ्या दोन्ही हातांत धरून बाकांवर बसली होती. त्यांची आपसांतली भाषा ग्रीक नव्हती, हे माझ्या सोबत्याने हळूच सांगितले. मी पाठ करून गेलेले ‘बुना द्झुआ’ हे अभिवादन म्हटले, तेव्हा सगळे एकदम वळले, आणि त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर आजोबांनी मला बसायला जागा करून दिली. भारतातून आलेल्या बाईला आपली भाषा कशासाठी हवी, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मी भाषांच्या आस्थेपोटी आले आहे, असे सांगितले. त्यावर ते म्हणाले की त्यांची मुले ती समजतात, पण नातवंडांना ती येत नाही. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. हे वाक्य पुढे जवळजवळ प्रत्येक गावात कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकायला मिळाले.

१३ ऑगस्ट, मेत्सोवो

सकाळ तोसित्सा घराण्याच्या वाड्यात गेली. पडझड झालेला हा वाडा १९५० च्या दशकात पुन्हा उभारून तिथे लोककलेचे संग्रहालय केले आहे. बैठकीच्या खोलीत भिंतींच्या कडेने बुटके लाकडी ओटे आहेत आणि त्यांवर घरच्या मागावर विणलेली लोकरी वस्त्रे अंथरलेली आहेत. एका वस्त्राशी मी बराच वेळ थांबले. गडद लाल भूमीवर काळ्या आणि पांढऱ्या धाग्यांची भौमितिक नक्षी इतकी घट्ट विणलेली होती की उलट बाजूनेही ती तितकीच स्वच्छ दिसत होती. मुलीच्या लग्नात अशा वस्त्रांची चवड घराबाहेर मांडली जाई आणि तिच्या उंचीवरून त्या घरातल्या बायकांचे कष्ट गावाला कळत, असे तिथल्या बाईंनी सांगितले. लोकर कातणे, रंगवणे आणि विणणे ही सगळी कामे बायकांची होती. अरोमानियन संपत्तीच्या इतिहासात व्यापाऱ्यांची नावे ठळकपणे येतात, आणि या हातांचा उल्लेख मात्र ओझरता येतो. मला ते अन्यायाचे वाटते.

त्या व्यापाऱ्यांचे कर्तृत्वही थोडेथोडके नाही. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात श्रीमंत झालेला मेत्सोवोचा गेओर्गिओस अवेरोफ याने १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकसाठी अथेन्सच्या प्राचीन स्टेडियमच्या संगमरवरी नूतनीकरणाचा खर्च उचलला. अथेन्सच्या राष्ट्रीय तंत्रविद्यापीठाच्या नावात आजही ‘मेत्सोव्हिओ’ हा शब्द आहे, कारण त्याचे मोठे देणगीदार, तोसित्सास, स्तूर्नारास आणि अवेरोफ, तिघेही याच गावचे होते. म्हणजे आधुनिक ग्रीसच्या उभारणीत या लोकांचा पैसा आणि निष्ठा दोन्ही पडली. इथला कोणताही व्लाख स्वतःला निःसंकोचपणे ग्रीक म्हणतो, ते यामुळेच. युरोप परिषदेच्या संसदीय सभेने १९९७ मध्ये अरोमानियन भाषेच्या शिक्षणाला आणि प्रकाशनांना पाठबळ द्यावे अशी शिफारस केली, तेव्हा ग्रीसमधल्या अनेक व्लाख संघटनांनी तिला विरोध केला. आपल्याला अल्पसंख्याक ठरवले जाईल, याची त्यांना धास्ती होती. बाहेरून आलेल्या माणसाला हा विरोध चटकन समजत नाही. चौकातल्या त्या आजोबांचे बोलणे ऐकल्यावर मला तो थोडा समजला, तरी घरातली भाषा वाचवण्यासाठी देशावरची निष्ठा सोडावी लागते, ही समजूतच मुळात दुर्दैवी आहे असे माझे मत झाले.

दुपारी चीज करण्याचा कारखाना पाहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर गाव ओस पडू लागले होते. त्या वेळी इथलेच राजकारणी एव्हांगेलोस अवेरोफ यांनी स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या बॅरन मिखाइल तोसित्सास यांना गाठले आणि १९४७ मध्ये त्यांच्या देणगीतून एक प्रतिष्ठान उभे राहिले. प्रतिष्ठानाने गावातल्या तरुणांना चीजची विद्या शिकायला इटलीला पाठवले. ‘मेत्सोवोने’ हे धुरी दिलेले चीज त्यातून जन्मले. गाईच्या दुधाचा साका गरम पाण्यात ताणून, मळून त्याचे लांब दंडगोल करतात, दोरीने बांधून टांगतात, काही महिने मुरू देतात आणि मग धुरावर धरतात. धुराच्या खोलीचे दार उघडताच आलेला वास हिवाळी चुलीसारखा होता. या व्यवसायामुळे तरुण गावात राहिले आणि गाव वाचले. भाषेसाठी असा प्रयत्न कोणी केला नाही.

१४ ऑगस्ट, सामारिनाकडे

सामारिना हे ग्रीसमधल्या सर्वांत उंचावरच्या गावांपैकी एक आहे, सुमारे १,४५० मीटरवर, २,६३७ मीटर उंचीच्या स्मोलिकास शिखराच्या उतारावर. ग्रेवेनाहून निघालेला रस्ता ओक आणि मग पाइनच्या रानांतून वळणे घेत चढतो. वाटेत मेंढरांचे कळप रस्त्यावर आले की गाडी थांबवावी लागे, आणि अंगावर येणाऱ्या दणकट कुत्र्यांमुळे काचा वर ठेवाव्या लागत.

हे गाव हिवाळ्यात जवळजवळ रिकामे असते. पूर्वी शरद ऋतूत सगळी कुटुंबे मेंढरे, खेचरे, माग आणि लहान मुले घेऊन थेसलीच्या सपाटीवर उतरत आणि वसंतात परत वर येत. आपल्याकडे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाटाखाली कोकणात उतरतात, भातशेतांत मेंढरे बसवतात आणि पावसाळ्याआधी परत देशावर येतात, त्या चालीशी ही रीत फार मिळतीजुळती आहे. अनेक कुटुंबे मिळून ‘फल्कारे’ नावाची एक टोळी होई. तिचा प्रमुख ‘चेल्निक’ कुरणांचे भाडे ठरवी, सरकारदरबारी बोले आणि लोकर व चीज यांचा सौदा करी. १९१० च्या वसंतात वेस आणि थॉम्पसन या दोन इंग्रज पुरातत्त्वज्ञांनी थेसलीतल्या तिर्नावोसहून अशा कुटुंबांबरोबर सामारिनापर्यंत प्रवास केला आणि मुक्काम, तंबू, लग्ने, शब्द सगळे टिपून ठेवले. वाटेत ग्रेवेनाच्या जत्रेसाठी तांडे थांबत, खरेदीविक्री होई आणि सोयरिकी जुळत. आता मेंढरे ट्रकमधून जातात. तरी उन्हाळ्यात वर यायचे, हा नेम सुटलेला नाही. लारिसाचे दुकानदार, अथेन्सचे वकील, जर्मनीत नोकरी करणारे कामगार सगळे ऑगस्टमध्ये आजोबांच्या घराचे कुलूप उघडतात.

१५ ऑगस्ट, सामारिना

आज मारियामातेच्या महानिद्रेचा सण होता. मेगाली पनागिया चर्चचे आवार सकाळपासून भरले होते. या चर्चच्या वेदीमागच्या गोल भागाच्या छपरावर एक पाइनचे झाड वाढले आहे. आत जाऊन पाहिले, तर भिंतीत किंवा छतात मुळांचा मागमूस दिसत नाही. गावकरी याला देवीची कृपा मानतात आणि झाडाविषयी बोलताना आवाज आपोआप खाली आणतात. आतल्या भिंती काळवंडलेल्या भित्तिचित्रांनी भरलेल्या आहेत आणि कोरीव लाकडी पडद्यापुढे मेणबत्त्यांची इतकी दाटी होती की उष्णतेने उभे राहवत नव्हते.

प्रार्थना संपल्यावर आवारात ‘चाचोस’ नावाचा मोठा नाच सुरू झाला. वाद्य एकही नाही. वयाने मोठे पुरुष पुढे, मग तरुण, मग बायका, अशी हातात हात गुंफलेली साखळी हळूहळू लांबत गेली आणि तिचे एकात एक वेढे झाले. एका बाजूने ओळ म्हणायची आणि दुसऱ्या बाजूने ती उचलायची, अशा आवर्तनांवर पावले पडत होती. पुढे असलेले वृद्ध फार सावकाश चालत, आणि मागच्या शेकडो माणसांना त्यांचीच गती धरावी लागे. या नाचातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हेच. परगावी वाढलेली, जीन्स घातलेली मुले आपल्या आज्यांच्या पावलाकडे पाहून पाऊल टाकत होती आणि चुकले की शेजारची बाई नुसता हात दाबून त्यांना सावरत होती.

गाणी बहुतेक ग्रीक होती. हे मला आधी खटकले. दुपारी जेवताना शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी त्याविषयी विचारले. त्या म्हणाल्या, “बाई, आमच्यात देवाची भाषा ग्रीक, शाळेची ग्रीक, बाजाराची ग्रीक. आमची भाषा घरातली आणि मेंढरांमागची.” त्यांच्या सासूबाई, ज्यांना सगळे ‘माये’ म्हणजे आजी म्हणत होते, त्यांनी मला लाप्ते, आपा, कासा, ओये असे दूध, पाणी, घर, मेंढी यांचे शब्द सांगितले आणि माझा उच्चार दोनदा दुरुस्त केला. त्यानंतर त्यांनी आपल्या पणतीलाही तेच शब्द म्हणायला लावले.

१६ ऑगस्ट, अवदेला आणि सीमा

सकाळी अवदेलात थोडा वेळ थांबलो. यानाकी आणि मिल्टन मानाकी हे भाऊ या गावचे. १९०५ मध्ये यानाकीने लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा आणला आणि इथे आपल्या आजीचे, देस्पिनाचे, लोकर कातताना चित्रण केले. बाल्कनमधल्या चित्रपटाची सुरुवात या काही क्षणांपासून मानली जाते. आजीचे वय तेव्हा ११४ सांगितले जाते. कास्तोरियामार्गे दुपारी सीमेवर पोचून माझ्या सोबत्याचा निरोप घेतला आणि कापश्तिकाच्या नाक्यावरून अल्बानियात शिरून संध्याकाळी कोर्चा गाठले.

१७ ऑगस्ट, व्होस्कोपोया

अल्बानियन व्होस्कोपोया म्हणजेच इतिहासातले मोस्कोपोले. आज हे डोंगरमाथ्यावरचे शांत खेडे आहे. अठराव्या शतकात मात्र हे अरोमानियन व्यापाऱ्यांचे मोठे शहर होते. इथले तांडे व्हेनिस, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि लाइपझिगपर्यंत लोकर, कातडी, मेण नेत. शहराच्या लोकसंख्येचे जुने आकडे फुगवलेले असावेत, पण त्याच्या श्रीमंतीचा पुरावा उभा आहे. इथे छापखाना होता आणि १७४४ मध्ये ‘नवी अकादमी’ या नावाने उच्च शिक्षणाची शाळा चालू लागली. हे सारे उस्मानी साम्राज्याच्या एका डोंगराळ कोपऱ्यात घडत होते, हे लक्षात घेतले की थक्क व्हायला होते.

संत निकोलसचे चर्च उघडायला किल्ली असलेले काका शेजारच्या घरातून आले. आतली चित्रे डेव्हिड सेलेनिका याने १७२६ मध्ये रंगवली. निळ्या भूमीवरचे संतांचे चेहरे लांबट आणि गंभीर आहेत, वस्त्रांच्या घड्यांवर पांढऱ्या रंगाच्या बारीक रेषा ओढलेल्या आहेत आणि उजेड आला की त्या कापडावर खरोखर चमक असल्यासारख्या दिसतात. ओसरीतली चित्रे कोर्चाच्या झोग्राफी बंधूंची. तिथे हाताला येतील तेवढ्या उंचीवरचे चेहरे खरवडलेले आहेत आणि प्लास्टरवर चाकूने नावे कोरलेली आहेत. १९६७ मध्ये अल्बानियाच्या राजवटीने सर्व धर्मांवर बंदी घातली, तेव्हा देशभरातली चर्चे आणि मशिदी बंद झाल्या. काकांनी त्या कोरलेल्या नावांवरून हात फिरवला आणि मान हलवली.

मोस्कोपोले १७६९ मध्ये लुटले गेले, आणि १७८८ च्या हल्ल्यानंतर ते पुन्हा सावरले नाही. लोक पांगले. त्यांतल्या सिना घराण्याने व्हिएन्नात बँक उभी केली. बुडापेस्टचा साखळी पूल बांधण्यात गेओर्ग सिनाचे भांडवल होते आणि अथेन्सच्या अकादमीची इमारत सिमोन सिनाच्या देणगीतून झाली.

माझ्या दृष्टीने मोस्कोपोलेचा खरा वारसा दोन शब्दसंग्रह हा आहे. अकादमीचे प्रमुख थिओडोर कावालिओती यांनी १७७० मध्ये व्हेनिसला छापलेल्या पाठ्यपुस्तकात ग्रीक, अरोमानियन आणि अल्बानियन अशा तीन भाषांतले हजाराहून अधिक शब्द शेजारी शेजारी दिले. त्यानंतर त्यांच्याच गावच्या डॅनियलने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यात स्लाव्ह भाषेची भर घालून चार भाषांचा संग्रह केला. अरोमानियन भाषेच्या सर्वांत महत्त्वाच्या जुन्या नोंदींत या दोन्हींची गणना होते. पण डॅनियलने आपला संग्रह रचला तो लोकांनी ग्रीक शिकावी म्हणून. प्रस्तावनेतल्या पद्यात तो अल्बानियन, व्लाख आणि बल्गेरियन लोकांना सांगतो की आपली रानटी बोली टाका आणि ग्रीक व्हा. ती टाकण्यासाठी केलेल्या ग्रंथातच ती भाषा आपल्यासाठी जपली गेली. चर्चच्या पायरीवर बसून मी या विद्वानाचा खूप विचार केला. त्याच्या मनात द्वेष नव्हता. ज्ञान, धर्म आणि व्यापार या तिन्हींचे दार ग्रीकमधून उघडत होते आणि आपल्या माणसांनी बाहेर राहू नये असे त्याला वाटत होते. मेत्सोवोच्या चौकातले आजोबा आणि सामारिनाच्या बाई वेगळे काही सांगत नव्हत्या. या भाषेवर बाहेरून घाले आले हे खरे. पण तिचे बोलणारे जिथे गेले तिथे यशस्वी झाले, आणि त्या यशाची किंमत प्रत्येक वेळी घरातल्या भाषेने मोजली.

१८ आणि १९ ऑगस्ट, बितोला

एक दिवस ओह्रिद सरोवराच्या काठाने प्रवासातच गेला. उत्तर मॅसिडोनियातले बितोला, म्हणजे जुने मोनास्तिर, हे उस्मानी काळात वकिलातींचे शहर होते आणि इथे अरोमानियन लोकांच्या मनासाठी ग्रीस व रुमानिया यांच्यात मोठी ओढाताण झाली. जवळच्या त्रनोवो गावात दिमित्री अतानासेस्कू यांनी १८६४ मध्ये अरोमानियन मुलांसाठी पहिली रुमानियन शाळा काढली. पुढे मॅसिडोनियाभर अशा शाळा निघाल्या, आणि मे १९०५ मध्ये सुलतान अब्दुल हमीद दुसरा याने या लोकांना स्वतंत्र समाज म्हणून मान्यता दिली. २३ मे हा दिवस म्हणूनच त्यांचा राष्ट्रीय दिन आहे. शाळेत शिकवली जाई ती मात्र बुखारेस्टची रुमानियन. घरची बोली तिथेही दाराबाहेरच राहिली. मानाकी बंधूंचा छायाचित्र-स्टुडिओ याच शहरात होता. मुख्य रस्त्यावर मिल्टनचा कॅमेऱ्यासह पुतळा आहे आणि १९७९ पासून त्यांच्या नावाने चित्रपट छायालेखकांचा महोत्सव भरतो.

२० ऑगस्ट, मालोविश्ते

पेलिस्तेर पर्वताच्या कुशीतले हे गाव आता बरेचसे बंद घरांचे आहे. मधून ओढा वाहतो, त्यावर छोटे पूल आहेत आणि दुमजली दगडी घरांच्या दारांवर मालकांच्या वैभवाच्या खुणा शिल्लक आहेत. कवी कोन्स्तान्तिन बेलिमाचे इथला. १८८८ मध्ये त्याने लिहिलेले ‘वाडवडिलांची आज्ञा’ हे गीत आज अरोमानियन लोकांचे राष्ट्रगीत आहे. राष्ट्रगीतांत शत्रूला आव्हान असते, भूमीचे गुणगान असते. या गीतात आईबाप आपल्याच मुलांना शाप देतात. जो आपली भाषा सोडील त्याला अग्नीच्या ज्वाळा जाळोत, जिवंतपणी त्याची तडफड होवो आणि त्याची जीभ विस्तवात भाजली जावो, असे त्याचे शब्द आहेत. डॅनियलच्या पद्यानंतर शंभर वर्षांच्या आतच हे गीत आले. मला त्यातला राग समजतो, आणि तो खराही वाटतो; सामारिनाच्या प्रेमळ आजींवर मात्र तो शाप लागू करण्याची माझी तयारी नाही.

२१ ऑगस्ट, क्रुशेवो

सुमारे १,३५० मीटर उंचीवरचे क्रुशेवो मोस्कोपोले आणि ग्रामोसचा डोंगराळ भाग इथून पांगलेल्या अरोमानियनांमुळे वाढले. उस्मानी सत्तेविरुद्ध २ ऑगस्ट १९०३ रोजी सुरू झालेल्या इलिन्देनच्या उठावात बंडखोरांनी हे शहर जिंकले आणि निकोला कारेव यांच्या अध्यक्षतेखाली प्रजासत्ताक जाहीर केले. ते दहा दिवस टिकले. शेवटच्या लढाईत मेचकिन कामेन इथे अरोमानियन नायक पितू गुली पडला आणि नंतरच्या लुटीत व्लाख वस्तीची घरे व दुकाने जाळली गेली. टेकडीवर १९७४ मध्ये उभारलेले पांढरे गोलाकार स्मारक या उठावाचे आहे. गायक तोशे प्रोएस्की याच शहरात वाढला. २००७ मध्ये अपघातात गेलेल्या या तरुणाच्या स्मृतिगृहात आजही रांग होती.

उत्तर मॅसिडोनियाच्या राज्यघटनेत व्लाख लोकांचा नावाने उल्लेख आहे. २०२१ च्या जनगणनेत ८,७१४ जणांनी स्वतःची नोंद व्लाख अशी केली. क्रुशेवोच्या नगरपालिकेत त्यांच्या भाषेला अधिकृत दर्जा आहे आणि शाळेत ती ऐच्छिक विषय म्हणून घेता येते. मी उतरले होते त्या घरच्या वहिनींचा मुलगा हा विषय घेतो. त्याची वही त्यांनी कौतुकाने दाखवली आणि लगेच अडचणीही सांगितल्या. १९९७ मध्ये बितोलात भरलेल्या परिसंवादात एक लेखनपद्धती ठरली, पण काहीजण रुमानियन वळणाने लिहितात आणि ग्रीसमधले नातेवाईक ग्रीक अक्षरांत. त्यातून शहरात मोस्कोपोलेकडची बोली वेगळी आणि ग्रामोसकडची वेगळी. मुलगा शाळेत शिकलेला शब्द घरी म्हणतो, तेव्हा आजोबा तो शब्द आपल्याकडचा नाही म्हणून नाकारतात. वहिनींनी यावर आपल्यापुरता निर्णय घेतला आहे : वहीत शाळेचे रूप लिहायचे, आजोबांशी त्यांच्या रूपात बोलायचे, आणि दोन्ही चुकीची नाहीत हे मुलाला सांगायचे. पुढच्या वर्षीही त्या हा विषय सोडू देणार नाहीत.